कमी उजेडाचा बल्ब

माझ्या मामाच्या हातचा बल्ब कधी जात नसे. फुशारकी मारायचा म्हणा, पण गोष्ट खरी होती. जिन्याखालच्या त्याच्या टीचभर दुकानात लोक बंद पडलेले एलईडी बल्ब पिशव्या भरभरून आणत. मामा बल्बाची पांढरी टोपी उपटून आतलं दाखवायचा. "हे बघा, एकामागे एक जोडलेले पिवळे ठिपके. एकावर काळा डाग पडला की अख्खी रांग बंद."

ठिपके का जळतात हे त्याला विचारावं लागत नसे. न विचारताच सांगायचा. करंट किती सोडायचा ते आतली चिप सांभाळते, आणि तो आकडा ठरतो शेजारशेजारच्या दोन बारक्या रेझिस्टरांवर. बनवणारे चार ठिपक्यांतून ढीगभर उजेड काढायला जातात, जास्त करंट सोडतात, बल्ब तापतो आणि तापून मरतो. मामा जळका ठिपका बदलायचा आणि चिमट्याने एक रेझिस्टर काढून टाकायचा. करंट कमी, उजेड कमी, पण बल्ब वर्षानुवर्षं चालायचा.

घरातले सगळे बल्ब असेच. मामी शिवणकाम करायची. तिच्या मशीनवरचा बल्ब नऊ वर्षं टिकला होता. आल्यागेल्याला मामा तो मान वर करून बघायला लावायचा.

मग मामी म्हणायला लागली, "अहो, उजेड पुरत नाही."

"करंट कमी केलाय, एवढाच पडणार. होईल सवय."

दोन वर्षं हेच चाललं. मामीने मशीन खिडकीशी नेलं, पुढे बटणं चाचपून लावू लागली. मला सुईत दोरा ओवायला सांगायची तेव्हा मी हसायचे, "मामी, मामाला तुझ्यापेक्षा बल्बाची काळजी जास्त!" त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी एका संध्याकाळी वैतागून मामाने नवाकोरा मोठा बल्ब, रेझिस्टरला हात न लावता, मशीनवर चढवला. खोली लख्ख झाली. मामी मान वर करून म्हणाली, "मोठा लावणार होतात ना? हाही मिणमिणताच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरीच वाचली असती. मला मामाचा संताप आला आणि कीवही आली. उरलीसुरली नजरही सहा महिन्यांत गेली.

परवा दिवेलागणीला गेले तर दोघं अंधारात बसलेली.

"मामा, मशीनवरचा बल्ब गेलाय वाटतं."

"महिना झाला."

"काय?" मामी एकदम चिडली. "आणि मला सांगितलं नाहीत? मला दिसत नाही म्हणून तुम्ही अंधारात बसणार?"

मामा उठला. मी मोबाईलचा उजेड धरला. काळा डाग पडलेला ठिपका बदलून झाल्यावर सवयीने त्याचा चिमटा रेझिस्टरकडे गेला. तिथे थांबला, मग त्याने तो खाली ठेवला.

"हा असाच लावतो," तो म्हणाला. "पण आठ-दहा महिन्यांत जाईल पुन्हा."

"जाऊ दे," मामी म्हणाली. "गेला की मला सांगा मात्र."