मावशीच्या खाटा आणि काझी सरांचा कर्नल

आधीच माफी मागतो. भूकंपात आमची शाळा पडली तेव्हा मी आठवीत होतो. नवी शाळा उभी राहीपर्यंत मी कामाला लागलो होतो. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. लातूरला काझी सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी मशीन सांभाळतो. इथं किस्से एवढे साठलेत की एक सांगायला जावं तर दुसरा मधेच घुसतो! आज फक्त 'ऑपरेटिंग सिस्टीम' या विषयाचे सांगतो. माझ्या खोलीतला दोस्त गोविंद त्यात दोनदा नापास झाला होता. त्याच्या वडिलांनी बजावलं होतं, "औंदा गेलास तर सामान बांधायचं, गावाकडं यायचं. बास झालं लातूर!"

*

लातूरला तेव्हा क्लासची अशी लाट आली होती की पोरांना खोल्या मिळेनात. आमच्या घरमालकीण मावशींकडं एका खोलीत खाटा कमी अन् पोरं जास्त. एक क्लासला गेला की त्याच्याच खाटेवर दुसरा आडवा! घरी मात्र प्रत्येकानं सांगितलेलं, 'मला स्वतंत्र खाट हाय.'

काझी सरांनी तेच उदाहरण घेतलं. "प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, सगळी मेमरी माझ्या एकट्याची. तो सांगतो तो व्हर्च्युअल पत्ता, म्हणजे मनातला. फिजिकल, म्हणजे खरी जागा, वेगळीच असते. कोण खरं कुठं आहे, याची नोंद कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ठेवतो. मेमरीच्या तुकड्याला पेज, म्हणजे पान म्हणतात, म्हणून या नोंदीला पेज टेबल. तुमच्याकडं ते काम मावशी करते."

चाचणीत प्रश्न आला, 'पेज टेबल कोण सांभाळतं?' गोविंदनं लिहिलं, 'मावशी.'

सरांनी अर्धा मार्क दिला आणि शेजारी लिहिलं, 'हा मावशीला नेऊन दे!'

*

वरच्या मजल्यावर बारावीचा क्लास होता. इस्लापूरचं एक पोरगं पहिल्याच दिवशी मजला चुकून आमच्याकडं बसलं. मान खाली घालून सरांचा शब्द न् शब्द उतरवला. पेज टेबलची आकृतीसुद्धा पट्टीनं आखून काढली.

तास संपल्यावर त्यानं हात वर केला. "सर, समदं कळलं. फक्त एवढंच सांगा, हे बॉटनीत हाय का झूऑलॉजीत?"

*

गोविंदच्या बहिणीच्या लग्नाला सर अन् मी त्याच्या गावी गेलो. भूकंपानंतर ते गाव दूर नव्या जागी वसवलंय. सरळ रस्ते, घरांवर नंबर. एका म्हाताऱ्याला गोविंदचं घर विचारलं.

"वेशीतून आत जावा. चावडीच्या मागं."

आम्ही गावभर फिरलो. ना वेस, ना चावडी! शेवटी एका बाईला दया आली.

"वेस जुन्या गावात ऱ्हायली की, बापू! हितं हापशापाशी आलं की वेस आली म्हणायचं. पलीकडं दूध डेअरी हाय, ती चावडी."

मांडवात पोचल्यावर सर सगळ्यांसमोर ओरडले, "आख्खं गाव व्हर्च्युअल पत्त्यावर चालून राहिलंय! अन् एकही माणूस चुकत नाही!"

"आपण दोघं सोडून," मी म्हणालो. त्या दिवशी मी एवढंच बोललो.

*

गोविंदच्या तोंडी परीक्षेची सकाळ. त्याला हाकेनं जाग येत नाही, म्हणून उठवायचं काम माझं. खिडकीजवळच्या खाटेपाशी गेलो आणि तांब्याभर पाणी तोंडावर ओतलं.

उठले ते मावशींचे भाऊ. औशाचे हवालदार!

"कोण रे त्यो?"

आतून मावशी ओरडल्या, "अगं बाई! रातीच गोविंदला दुसरी खाट दिली. तुला सांगायचं ऱ्हायलं की!"

सरांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "मियाँ, मशीनसुद्धा अलीकडचे पत्ते पाठ करून ठेवतं. पण जागा बदलली की कर्नल आधी तो पाठ केलेला पत्ता पुसायला लावतो. त्याचं एक बरं, त्याला हवालदार भेटत नाही!"

*

कॉलेजातली मशीन बंद होती, म्हणून तोंडी परीक्षा आमच्याच लॅबमध्ये होती. नांदेडहून परीक्षक आलेले. गोविंदचे वडील सकाळीच गावाहून आले. गोविंदची वळकटी त्यांनीच बांधली आणि ती घेऊन दारात बसले.

परीक्षकांनी विचारलं, "दोन प्रोग्रामचा पत्ता एकच. भांडण होईल?"

"न्हाई सर. दोघांची खरी जागा येगळी."

"मागितलेलं पान मेमरीत नसेल तर?"

"कर्नल त्याला थांबवतो. डिस्कवरून पान आणतो, मग पुढं जाऊ देतो."

"मग एवढा उपद्व्याप कशाला? प्रत्येकाला सरळ खरा पत्ताच देऊन टाकू!"

गोविंदनं दारातल्या वळकटीकडं बघितलं. काझी सरांनी चष्मा काढून हातात धरला. मी उगाच एका मशीनची वायर खोचत राहिलो.

"तसं केलं तर सर, कुणाला जाग्यावरून हलवताच येणार न्हाई," गोविंद म्हणाला. "हलवायची पाळी कवाबी येती. जागा बदलली तरी ज्याला त्याला आपला पत्ता तोच वाटला पायजे. न्हाईतर त्यो चालायचाच बंद हुतो."

"खरं हाय," दारातून आवाज आला.

परीक्षकांनी वळून बघितलं. "तुम्ही कोण?"

"मी कुणी न्हाई सायेब. तुमचं चालू द्या."

परीक्षकांनी मार्क लिहिले आणि कागद काझी सरांपुढं सरकवला. सरांनी चष्मा घातला, वाचलं आणि दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "वळकटी सोडा!"

वडिलांनी गाठ सोडली. वळकटी तिथंच ठेवली आणि एकटेच एसटी स्टँडकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या मशीन चालू केल्या, हात धुतले आणि सर यायच्या आधी वही-पेन घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसलो.