नाकावर उतरलेलं कपाळ

भागीरथीबाईंच्या डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या भोकाशीच फोड आला आणि वर्षभर चिघळत राहिला. यजमान विठ्ठलरावांचं कानडी मुलखात, चिकपेटेच्या बाजारात लुगड्यांचं दुकान होतं. १९५७ साली डॉक्टर नरसिंहांनी तो रोग मुळापासून कापून काढला, त्यात अर्धं नाक गेलं. महारोग नव्हता, पण गल्लीला ते कोण समजावणार?

त्यातच धाकट्या हेमलताचं लग्न ठरलं. घर पुण्याहून नुकतंच आलेलं, मुलगा विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. लेकीच्या लग्नात उघड्या तोंडाने पुढे उभं राहायचं, एवढ्यासाठी भागीरथीबाई पुन्हा टेबलावर निजल्या. डॉक्टरांनी कपाळाच्या कातडीची पट्टी सोडवली, भुवईपाशी जोडलेलीच ठेवून खाली वळवली आणि नाकावर शिवली. तीन आठवडे ती तशीच राहणार होती. मुहूर्त मात्र दुसऱ्याच आठवड्यात निघाला.

आधी तोडता नाही का येणार, असं त्यांनी विचारून पाहिलं.

"अम्मा, नाकाला अजून भुवईकडूनच रक्त मिळतंय," डॉक्टर म्हणाले. "आत्ता तोडलं तर काळं पडेल."

मुलीची आई गावी आजारी आहे, असं विठ्ठलरावांनी वरपक्षाला सांगितलं. मुहूर्ताला भागीरथीबाईंनी पदराच्या गाठीतल्या अक्षता वॉर्डाच्या दाराकडे टाकल्या. झाडूवाली रागावली.

नवं नाक नीट जुळून आलं. जरा जाड दिसे, कपाळावर उभा व्रण राहिला, एवढंच.

दोन महिन्यांनी हेमलता सासूबाईंना घेऊन आली. दार भागीरथीबाईंनीच उघडलं. त्यांच्याकडे पाहत सासूबाईंनी सुनेला विचारलं, "या कोण गं?"

या घरात मुलं आईला अक्काच म्हणत. हेमलताच्या तोंडून तेच निघालं, "आमची अक्का."

"थोरली बहीण होय! लग्नात कुठे दिसली नाही." मग आवाज उतरवून सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं म्हणा."

हेमलता सासूबाईंच्या चपला सरळ करायला वाकली. भागीरथीबाईंनी थोडी वाट पाहिली.

"आणि आई? आल्या का गावाहून?" सासूबाईंनी विचारलं.

"स्वल्प दिवस लागतील अजून," भागीरथीबाई म्हणाल्या आणि कॉफी ठेवायला आत गेल्या.

स्टोव्हला पंप मारता मारता त्या थांबल्या. बाहेर हेमलता काही सांगतेय का, ते ऐकू यावं म्हणून.

बाहेर सासूबाई उन्हाबद्दल बोलत होत्या. हेमलता हो हो म्हणत होती.

मग भागीरथीबाईंनी काडी ओढली.