गारांच्या मागावर साक्रीपर्यंत

पुणे स्टेशनच्या फलाटावर हमालाने माझे गठ्ठे उचलले आणि लगेच खाली ठेवले. एवढं मोठं सामान आणि वजन जवळजवळ नाहीच, याचं त्याला नवल वाटलं. आत थर्माकोलच्या चौकोनी पाट्या होत्या, प्रत्येकीवर ॲल्युमिनियमचा पातळ कागद ताणून बसवलेला. गार पडली की या कागदावर खळगा उमटतो, आणि खळग्याच्या मापावरून गारेचं माप काढता येतं. हमालाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गारा मोजायला एवढ्या लांब चाललात?" गाडी जळगावला जाणार होती. मी हो म्हटलं.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी हवामान संशोधनाच्या कामात नवी होते, आणि एकटीने बाहेरगावी जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. आमचं फिरतं रडार त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी खानदेशात नेलं होतं. मार्चमध्ये तिकडे गारपीट होते, आणि तीच आम्हाला पाहायची होती.

जळगावला उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन तापलेलं होतं. मेहरूणच्या तलावापलीकडे एका उंचवट्यावर रडारची मोटार उभी होती. टपावर गोल तबकडी फिरत होती, आणि आत काळोख्या खोलीत पडद्यासमोर आमचे प्रमुख, सर, बसले होते. सर पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनी पडद्यावरचा एक हिरवट ठिपका दाखवला. "हा पाऊस. लहर जाते, थेंबांवर आपटून परत येते. थेंब मोठे असले की परतीची लहर जोरकस."

"मग गारा ओळखता येतात का?"

"तीच तर अडचण आहे. जोरकस लहर गारांचीही असते आणि मुसळधार पावसाचीही. इथे बसून फरक कळत नाही. जमिनीवर काय पडलं ते कोणीतरी पाहिलं पाहिजे." त्यांनी माझ्या गठ्ठ्यांकडे बोट केलं. "ते तुम्ही पाहायचं."

दुसऱ्या दिवशी जीपने निघालो. ड्रायव्हर सलीमभाई धुळ्याचे, वाटेवरचं प्रत्येक गाव त्यांना माहीत. धरणगावला एका मारवाडी कापूस व्यापाऱ्याच्या दुकानाच्या गच्चीवर पहिली पाटी बसवली. शेठ गच्चीवर आले, पाटीभोवती फिरून त्यांनी विचारलं, "याने गारा थांबतात?"

"नाही. किती पडल्या ते कळतं."

"ते तर पत्र्यावरूनही कळतं," ते हसून म्हणाले, आणि खाली बोलावून त्यांनी आम्हाला ताक पाजलं. मीही हसले, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

पारोळा, धुळे करत पाट्या बसवत आम्ही साक्रीला पोचलो. धुळ्यात शेवभाजी खाल्ली. तिच्या तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सलीमभाईंनी न विचारता माझ्यापुढे गुळाचा खडा ठेवला. साक्रीच्या पुढे रस्ता अरुंद होतो, डोंगर जवळ येतात, शेतं तुकड्यातुकड्यांनी वर चढत जातात. गहू पिवळा पडत आला होता. मधूनमधून कांद्याची हिरवी पात.

अशाच एका गावात शेवटची पाटी बसवायची होती. शेत नानांचं. नाना साठीचे, उंच, खांद्यावर पंचा. त्यांनी पाटी पाहिली आणि मान हलवली.

"गाराले बलावानं काम शे का हाई?" (हे काय गारांना बोलावणं आहे का?)

मी समजावून सांगितलं. नानांचं मन वळेना. गव्हाच्या शेतात ही चकाकणारी वस्तू नको, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी त्यांची बायको बाहेर आली. गाव तिला अक्का म्हणायचं. तिने पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "मना आंगणमा ठेवू दे. आंगण मनं शे." (माझ्या अंगणात ठेवू दे. अंगण माझं आहे.)

पाटी अंगणात लागली.

त्यानंतर आठवडाभर आकाश कोरडं होतं. मी गावोगाव फिरून पाट्या तपासत होते, आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी ढग शोधत होते. गारा पडाव्यात असं मला वाटत होतं. उभ्या गव्हाच्या बांधावरून चालताना हे मनात येई आणि मी खाली पाहून चालू लागे.

आठव्या दिवशी दुपारी अक्काच्या अंगणात पोचले तेव्हा हवा एकदम थांबलेली होती. अक्काने आग्रहाने कळण्याची भाकरी (उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेली) आणि भरीत वाढलं. मी जेवत असतानाच पश्चिमेचा डोंगर दिसेनासा झाला. ढगाच्या पोटाला हिरवट झाक होती. नाना ओट्यावरून उठले, एकदा वर पाहिलं आणि धावत सुटले. त्यांचा पवळ्या बैल शेताच्या पलीकडच्या टोकाला कडुनिंबाखाली बांधलेला होता.

ते अर्ध्या वाटेवर असतील, तेवढ्यात पहिली गार पत्र्यावर वाजली. मग दुसरी. मग आवाजच आवाज. अक्का दारात उभी राहून हाका मारत होती आणि तिचा आवाज मला दोन हातांवरूनही ऐकू येत नव्हता. समोर गहू आडवा होत चालला होता, कोणी हाताने दाबत यावं तसा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

दहा मिनिटांत सगळं शांत झालं. नाना पंचा डोक्यावर दाबून चालत आले. पंचा लाल झाला होता. मागे पवळ्या, दोर तुटलेला, मान एका बाजूला वळवलेली.

सलीमभाईंनी नानांना बसवलं, मी जखम धुतली. ती खोल नव्हती. अंगण पांढरं झालं होतं. त्या गारा वितळायच्या आत मोजणं, कापून पाहणं, हे माझं काम होतं, आणि मला जागेवरून हलवेना. ज्यांचं पीक डोळ्यांसमोर गेलं, त्यांच्या अंगणात गारा वेचायच्या कशा?

अक्कानेच माझ्याकडे पाहिलं. "आंडेर, तुनं काम कर. गारा इरी जातीन." (पोरी, तुझं काम कर. गारा विरघळून जातील.) ती आत गेली, पातेलं घेऊन आली. त्यात गव्हाचा भुसा होता. "यामा ठेव. टिकतीन." (यात ठेव. टिकतील.) आणि पदर खोचून ती स्वतःच वेचायला वाकली. मीही वाकले. तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा येत होता.

मोठी गार लिंबाएवढी होती. ती विळीवर मधोमध कापली तेव्हा आत वलयं दिसली, एक दुधी, एक काचेसारखं. नाना डोक्याला फडकं बांधून जवळ आले आणि खाली बसले.

"हाई ते कांदानामायक शे," ते म्हणाले. (हे तर कांद्यासारखं आहे.)

ढगात गार वरखाली होत राहते आणि तिच्यावर थरावर थर चढतात, असं मी सांगितलं. त्यांनी तो तुकडा तळहातावर घेतला आणि तो पाणी होईपर्यंत धरून ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुम्हना यंत्रले हाई कव्हय दखायनं?" (तुमच्या यंत्राला हे कधी दिसलं?)

मला ठाऊक नव्हतं. विचारून सांगते, असं मी म्हणाले.

जळगावला परतल्यावर सरांनी नोंदवही पुढे केली. डोंगरावर तो ढग त्यांना दिसला होता, आणि लहर इतकी जोरकस होती की त्यांनी बाजूला खूण केली होती. मी अंगणातल्या गारांची वेळ सांगितली. दोन्ही वेळा आम्ही शेजारी शेजारी लिहिल्या. मध्ये वीस मिनिटं होती.

सरांना आनंद झाला. पाट्या आणि पडदा इतके चांगले जुळतील याची त्यांना खात्री नव्हती. मला मात्र नानांचा प्रश्न आठवत होता. परतीच्या गाडीला अजून दोन दिवस होते. मी सलीमभाईंना साक्रीला चला म्हटलं.

"कशासाठी मॅडम? पाटी तर आपण आणली."

मी कारण सांगितलं. "सांगून त्यांना उलट त्रासच होईल," ते म्हणाले. पण जीप त्यांनी काढली.

नाना गोठ्यात पवळ्याच्या डोळ्याला कसलासा पाला वाटून लावत होते. गार लागून डावा डोळा गेलाच होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: आमच्या यंत्राला तो ढग वीस मिनिटं आधी दिसला होता.

त्यांचा हात थांबला. "वीस मिनिट?"

"हो."

"वीस मिनिटमा मी याले घर ली येतू." (वीस मिनिटांत मी याला घरी घेऊन आलो असतो.) आवाजात राग नव्हता. त्यांनी बैलाच्या कपाळावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं सांगं, बरं करं. आते ते मिनिट कसा पोचाडशात ते देखा." (खरं सांगितलंस, बरं केलंस. आता ती मिनिटं कशी पोचवाल ते बघा.)

अक्काने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना तिने फडक्यात बांधून कांदे दिले, वरून मार बसलेले, आतून चांगले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि आत निघून गेली.

पुण्याला आल्यावर मी अहवाल लिहिला. गारांची मापं, खळग्यांची मापं, लहरींचा जोर, सगळं रीतीप्रमाणे. शेवटी, मला कोणी सांगितला नव्हता असा एक परिच्छेद घातला: रडारवर खूण दिसल्यापासून पहिली गार पडेपर्यंतचा वेळ यापुढे प्रत्येक वेळी नोंदवावा, आणि तो गावापर्यंत पोचवायची काही सोय शोधावी. सरांनी वाचताना त्या परिच्छेदापाशी पेन्सिल थांबवली. ते तो काढून टाकतील असं मला वाटलं. त्यांनी नुसतं विचारलं, "हे कोणाचं?"

मी नाना म्हटलं.

"मग शेवटी नको," ते म्हणाले, आणि बाण काढून त्यांनी तो परिच्छेद पहिल्या पानावर नेला.

सोय पुढे लगेच झाली असं नाही. पण त्या प्रवासाला जाताना गारा म्हणजे मला मोजायची वस्तू वाटत होती. परत आले तेव्हापासून ढग पाहिला की आधी विचार येतो, त्याच्या खाली आत्ता कोण शेतात असेल, आणि त्याला घर गाठायला किती वेळ लागेल.