आसाबीला मागणी आली

इबादान शहरात, बेरेच्या चढावर राहणाऱ्या कुठल्याही बापाला विचारा, लेकीचं लग्न ठरलं की पहिला निरोप कोणाला जातो? आचाऱ्याला नाही, मांडववाल्याला नाही. आसाबीला जातो. आसाबी म्हणजे अलागा. मुलीच्या बाजूने माईक घेऊन दारात उभं राहायचं, मुलाकडच्या गोतावळ्याला अडवायचं, गाणी म्हणत म्हणत त्यांची सालटी काढायची, आणि शेवटी नवरदेवासकट सगळ्या पुरुषांना जमिनीवर पालथं पाडून 'तुमची लेक आम्हाला द्या हो' असं वदवून घ्यायचं, हे तिचं काम. आणि काम कसलं, तिचा तो जीव की प्राण! नुसतं वाकून भागवणाऱ्याला ती म्हणायची, "अरे, काय पडलंय खाली तुझं? शोधतोयस का? झोप, पोट टेकव. इस्त्री नंतर कर."

जिभेला हाड कसं ते नाहीच. नवरदेवाला भर मांडवात विचारायची, "रोज रात्री फोनवर 'जेवलीस का, जेवलीस का' विचारतोस म्हणे. मग जेवण कधी पाठवलंस?" बायका हसून हसून डोक्यावरचे फेटे सांभाळायच्या. मग मुलाच्या बापाकडे वळायची. "उमेदवार आणि जावई, दोघांनाही मत पडेपर्यंतच आमचं दार सापडतं. नंतर फोन बंद! तेव्हा काय मागायचं ते आजच मागून घ्या, बायांनो."

लोकांना वाटायचं, ही बाई पुरुषांवर खार खाऊन आहे. तसं नव्हतं. दुखणं वेगळंच होतं, आणि ते ती कोणाला दाखवत नसे.

तिचं स्वतःचं लग्न झालं ते कचेरीत. दोन साक्षीदार, एक पंखा आणि जांभया देणारा कारकून. नवरा लॉरी चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाने कडू. भांडण झालं की एकच वाक्य फेकायचा, "तुला मागायला आलं होतं कोण गं? आपल्या पायांनी चालत आलीस!" तो जाऊन आता दहा वर्षं होऊन गेली. त्याचे शर्ट वाटले, लॉरी विकली, हे वाक्य मात्र घरातच राहिलं. म्हणून तर दुसऱ्यांच्या लेकींसाठी ती पुरुषांना इतकं जोरात मागायला लावायची. पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं नाही, तर "पुन्हा!" म्हणून ओरडायची.

आता अकानबी. चढ संपतो तिथे त्याचं पेपरचं फळकूट. लोक त्याला पेपरबाबा म्हणतात. विधुर, साठी ओलांडलेला, गुडघ्यांनी बेजार. त्याच्या फळकुटासमोर रोज सकाळी सहा म्हातारे उभे असतात, ज्यांनी आजवर एक पेपर विकत घेतलेला नाही. मान वाकडी करून मथळे वाचायचे आणि त्यावर दुपारपर्यंत भांडायचं. गावाने त्यांना नावच दिलंय, फुकट वाचक मंडळ. मंडळात दोन तट. सलावू, निवृत्त बसचालक, हा कंदीलवाल्या उमेदवाराचा. ओयेडेजी, निवृत्त मास्तर, हा कुदळवाल्याचा. दोघांचेही उमेदवार गेल्या निवडणुकीत एकाच पक्षात होते आणि दोघांनीही या चढाचा रस्ता करून देतो म्हणून सांगितलं होतं, पण त्याची आठवण करून द्यायची कोणाची बिशाद?

राजकारण संपलं की पोरापोरींचे विषय. पोराने भेटायला ये म्हणून पोरीला टॅक्सीभाडं पाठवलं, पोरीने भाडं ठेवून घेतलं आणि आलीच नाही. ही चोरी की नाही? यावर एकदा तीन दिवस रण माजलं होतं. सलावू म्हणे, चोरीच, पोलिसात द्या. ओयेडेजी म्हणे, ज्याला भाडं परवडतं त्याने स्वतः जावं की. मग नेहमीप्रमाणे सगळे अकानबीकडे वळले. आणि नेहमीप्रमाणे अकानबी म्हणाला, "दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. पेपर विकणाऱ्याने मत दिलं की अर्धं गिऱ्हाईक तुटतं, असं त्याचं म्हणणं. अहो, पण बायको होती तेव्हा ती विचारायची, आज भात करू की आमालाचे उकडीचे गोळे, तर तेव्हाही हा तेच म्हणायचा!

आसाबी रोज चढ चढून आली की तिथे टेकायची आणि मृत्यूच्या जाहिराती वाचायची, त्याही फुकट. "बघू तरी, माझं कोणी गिऱ्हाईक कमी झालं का," म्हणायची, आणि अकानबीला दोन टोमणे मारून पुढे जायची. एका शनिवारी अकानबी कुठल्याशा लग्नाला गेला होता. तिथे त्याने तिची ती 'जेवलीस का'वाली थट्टा ऐकली. सोमवारी सकाळी ती आली तेव्हा त्याने काहीही न विचारता पेपराखालून पानात गुंडाळून वाफवलेलं चवळीचं गरम मोईमोई काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. शिवाय चमचा.

आसाबीने पान उलगडलं. फुकट वाचक मंडळ मथळे सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. तिने गपचूप बसून ते मोईमोई संपवलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशीही मोईमोई होतं. तिसऱ्याही दिवशी.

पुढे वर्षभराने गोष्ट लग्नापर्यंत आली तेव्हा अकानबी म्हणाला, "आपलं वय बघता कचेरीत जाऊन सही करू." आसाबी चमचा ठेवून उठली.

"कचेरीत मी एकदा जाऊन आलेय, बाबा. पुन्हा जाणार नाही. मला मागायला या. माणसं घेऊन या. लोटांगण घाला. वीस वर्षांच्या पोरीसाठी घालतात तसं. नाही जमत, तर तुमचं मोईमोई तुम्हाला लखलाभ."

अकानबीने गुडघ्यांवरून हात फिरवला आणि मान डोलावली.

आसाबीचे थोरले काका लासीसी हे घरातलं शेवटचं मोठं माणूस. त्यांना हे स्थळ मुळीच पसंत नव्हतं. "पेपर विकणारा! आणि त्याला ना मत, ना गोत. मागायला येणार कोण?" अकानबीचा एकुलता भाऊ उत्तरेकडे कधीचा गेलेला, त्याचा पत्ता नाही. तेव्हा ठरलं, फुकट वाचक मंडळच गोत म्हणून उभं राहील. काका म्हणाले, "ठीक आहे. पण रीत म्हणजे रीत. त्याच्या बाजूचे सगळे, एकजात, एकदम जमिनीला टेकले पाहिजेत. एक जरी उभा राहिला, तर जेवा आणि घरी जा. आमची लेक मिळायची नाही."

आसाबीने ते कबूल केलं. तिला काय ठाऊक, घोडं कुठे पेंड खाणार आहे ते!

मागणीचा दिवस उजाडला. काकांच्या अंगणात मांडव पडला, आमालाच्या कढया उतरल्या. मुलीकडची अलागा म्हणून मोजी उभी राहिली. मोजी ही आसाबीचीच चेली. आसाबी आत खोलीत, डोक्यावरून जाळीची ओढणी घेऊन, पडद्याआड बसलेली. बोलावल्याशिवाय नवरीने बाहेर यायचं नाही आणि तोंड तर उघडायचंच नाही. लेक फेहिंती शेजारी राखणीला.

"आई, ओठ हलतायत तुझे."

"हलणारच. ती मोजी पहिलंच गाणं वरच्या पट्टीत घेतेय. दुपारपर्यंत घसा बसेल तिचा."

"तू नवरी आहेस. गप्प बस."

बाहेर फुकट वाचक मंडळ येऊन ठेपलं. अकानबीने सगळ्यांसाठी एकाच निळ्या कापडाच्या टोप्या शिवून घेतल्या होत्या. पण मतदान तोंडावर आलेलं. आदल्या दिवशी कंदीलवाल्याने हिरव्या टोप्या वाटल्या आणि कुदळवाल्याने लाल. आता फुकटची टोपी फुकट वाचक सोडतो होय? तिघे हिरव्या टोप्यांत, तिघे लाल टोप्यांत, आणि मधे एकटा अकानबी निळ्या टोपीत.

मोजीला आयतं कोलीत मिळालं. "अगं बाई! हे मुलगी मागायला आलेत की मतं? बाबांनो, आमच्या लेकीला एकच नवरा हवाय, आघाडी सरकार नको!"

अंगण हसलं. आत आसाबीही ओढणीत तोंड लपवून हसली. थट्टा तिनेच शिकवल्यासारखी होती.

गाणी झाली, अडवणूक झाली, मग मोजीने हाक दिली, "घाला लोटांगण!" अकानबी एक गुडघा टेकत, मग दुसरा, हळूहळू खाली गेला आणि चांगला पांढराशुभ्र झगा घालून अंगणात पालथा पडला. बाकीचे सहाही जण उभेच.

"मास्तर, व्हा आडवे," सलावू म्हणाला.

"आधी तुम्ही," ओयेडेजी म्हणाला. "लाल टोपी हिरव्याच्या आधी जमिनीला लागली, तर उद्या साऱ्या वॉर्डात बोंब होईल, कुदळवाल्यांनी शरणागती पत्करली म्हणून."

"म्हणजे कंदिलाने पत्करावी?"

"कंदिलात तेल असेल तर बघा!"

"आणि तुमच्या कुदळीने काय उपटलं? चढाचा रस्ता केला?"

झालं! रस्ता निघाला, मग पाणी निघालं, मग सलावूच्या मेव्हण्याची नोकरी निघाली. मोजी माईकवरून ओरडतेय, कोणी ऐकत नाही. नवरदेव खाली पालथा आहे याचा सगळ्यांना विसर पडला. लासीसी काका खुर्चीतून उठले.

आसाबीने पडदा मुठीत धरला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "फेहिंती," ती म्हणाली, "काका मोडतायत गं. पुन्हा तसंच होणार. मला मागायला कोणी आलंच नाही, असंच होणार." लेकीने आईचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. तिने आईचा हात घट्ट धरला.

आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. पंखे थांबले, माईक मुका झाला. कोपऱ्यातून एक बाई ओरडली, "अहो कंदीलवाले, आता तरी कंदील आणा!" पण कोणी फारसं हसलं नाही, कारण काका बोलायला लागले होते.

"उठा, अकानबी. माझं बोलून झालंय. ज्याला सहा म्हातारे आडवे करता येत नाहीत, तो माझी पुतणी काय सांभाळणार? तुमच्या माणसांत दोन बाजू आहेत. जेवा आणि जा."

अकानबी उठला नाही. कोणाला वाटलं गुडघे अडकले, दोघेजण हात द्यायला पुढे झाले. त्याने हात झटकले. मग मातीला लागलेली हनुवटी वर करून तो बोलला, आणि अख्ख्या बेरेने त्याचा असा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"रस्त्याला दोन बाजू असतील, काका! कंदिलाला असतील, कुदळीला असतील. याला दुसरी बाजूच नाही. मला आसाबी हवी. मी तिला मागायला आलोय आणि तुम्ही दिल्याशिवाय उठणार नाही. मत द्यायला न्यायचं असेल तर असंच उचलून न्या."

मग सलावूने डोक्यावरची हिरवी टोपी काढून खिशात कोंबली. ओयेडेजीने लाल टोपी काढली. कमरेवर हात ठेवत, कुरकुरत, एकमेकांचा आधार घेत सहाही म्हातारे खाली गेले आणि अकानबीच्या दोन्ही अंगांना पालथे पडले.

"पोट टेकलंय का सगळ्यांचं?" मोजीने माईकशिवाय विचारलं.

"मास्तरांचं केव्हाच टेकलंय," खालून सलावू म्हणाला. "माझंच मधे येतंय."

काकांनी त्या सात पाठी एकेक करून मोजल्या. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नवरीला आणा."

फेहिंतीने आईला बाहेर आणलं. तेवढ्यात लाईट आली. "आली, आली!" म्हणून सगळी गल्ली ओरडली, पंखे फिरले, माईक खरखरला. मोजी ओठांशी माईक नेऊन म्हणाली, "ऐका हो ऐका! आपले नवरदेव आत्ता काय म्हणाले..."

ओढणीतून एक हात बाहेर आला आणि त्याने मोजीच्या हातातला माईक सरळ काढून घेतला. नवरीने बोलायचं नसतं, म्हणून आसाबी बोलली नाही. ती अकानबीसमोर गुडघ्यांवर बसली, डोळे पुसले आणि माईक त्याच्या तोंडाशी धरला.

अकानबीने तिच्याकडे बघितलं. "पुन्हा?" त्याने विचारलं.

आसाबीने मान डोलावली, आणि बोटाने पलीकडची गल्ली दाखवली.