मागून घेतलेली घरपट्टी

"हे बी धरा!" सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पिशवीत टाकली की वर दोन मिरच्या ठेवत ती म्हणायची. चिखलीच्या आमच्या गल्लीतली ही भाजीवाली घरपट्टीची मोजणी करणाऱ्यालाही हेच म्हणाली, तेव्हा मात्र मी कपाळाला हात लावला.

मोजणी आली की गल्ली कशी गरीब होते, ते तुम्हीही पाहिलं असेल. वरची खोली 'पडकी' होते, भाडेकरू 'पाहुणे' होतात. मीही आमच्या न्हाणीघरापुढे सरपण रचलं होतं. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची कोवळी पोर, त्यात मास्तरांची बायको. अक्कल गल्लीभर वाटून उरेल एवढी!

तिची टिनाची एकच खोली. जागा मेलेल्या नवऱ्याची, पण खोलीची नोंद कुठेच नाही. बिचारीला पट्टी कशी झेपेल, म्हणून ती बाजारात गेली असताना मी तिची बकरी आत बांधली, चारा पसरला आणि मोजणीवाल्याला सांगितलं, "हा गोठा आहे, भाऊ."

त्याने तसं लिहिलं, आणि तेवढ्यात डोक्यावर टोपलं घेऊन ती आली.

"गोठा? कोन म्हनलं गोठा?"

मी ऐटीत डोळा मारला.

"काऊन वं मास्तरीणबाई, मी काय लेंड्या टाकतो इथं? माहा दीर म्हनते, तिथं घरच नाही, जागा सोड. आता कागदावर बी गोठा लागला, तर मले घरकुल कोन देईन?"

मोजणीवाला म्हणाला, "मावशी, लिहून झालं. पुढच्या खेपेले पाहू."

तिने बकरी बाहेर हाकलली, पायानेच चारा लोटला आणि पदर सावरून जमिनीवर सरळ आडवी झाली. "धरा टेप. इथं माणूस निजते."

तो बिचारा लाजला. गोठा खोडून त्याने खोली मोजली. मग ही त्याला चुलीकडे घेऊन गेली, ओट्याकडे, न्हाणीच्या फरशीकडे. "हे बी धरा! अन् हे?" मी मागून तिचा पदर ओढत होते.

"मावशी, पट्टी वाढन ना!" मोजणीवाला म्हणाला.

"वाढू दे. फुकटाच्या घरातून कोनी बी उठवते."

मागून पट्टी लावून घेणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. तिच्या नावाने पावती आली, त्या दिवशी ती गल्लीभर दाखवत फिरली. आमच्याकडे तर दोनदा आली.

पुढे त्याच जागेवर घरकुल झालं. वास्तूला दीरही आला. तिने त्याला आग्रह करकरून वाढलं, आणि तो मान खाली घालून जेवला.

त्या घरात ती मुला-सुनेसोबत चार पावसाळे राहिली आणि तिथेच गेली.

यंदा बिल घेऊन नवाच माणूस आला. तिच्या दारात उभा राहून त्याने नवऱ्याच्या नावासकट तिचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. ती नाही म्हणून सांगायला मी ओट्यावर आले. पण तिची सून पिठाचे हात पुसत बाहेर आली होती.

"हाव, त्याइचंच घर हाय," ती म्हणाली आणि बिल घ्यायला हात पुढे केला.