रविवारचा रहिवासी

पहाटे साडेचारला माझा मेहुणा उठे. त्याची खोली गावाच्या एका टोकाला आणि कामाची इमारत दुसऱ्या टोकाला, तलावाकाठी. सायकल हाणत तो वेळेवर पोचे, गणवेश चढवी, लिफ्टमधल्या लाकडी स्टुलावर बसे आणि दिवसभर वर जाई नि खाली येई. एवढा प्रवास आमच्या नात्यात कुणी केला नाही, आणि इतका करून एवढं कमी बघितलेलाही कुणी नाही.

हे मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. मी जन्मभर पाइपलाइनीचे चर खणले. माझ्या लेखी काम म्हणजे संध्याकाळी मागे वळून बघितल्यावर जे दिसतं ते. त्याच्या कामात मागे बघायला काही नसे. दार मिटलं की संपलं.

"दाजी, तुम्ही खड्ड्यात उतरता, मी वर चढतो. फरक आहे," तो म्हणे.

"आणि खाली कोण येतं? तुझा बाप?"

"माझ्या बापाला मधे आणू नका," माझी बायको म्हणे. ती त्याची थोरली बहीण. "चहा निवतोय."

इमारतीतली पोरं त्याला लिफ्टमामा म्हणत, मग मोठेही म्हणू लागले. जुनी लिफ्ट दांड्यावर चालायची. मजल्याशी नेमकी थांबवायला हात बसलेला लागे, तो त्याचा बसलेला होता. मग नवी लिफ्ट आली. तिच्यात आकड्यांची बटणं होती, आणि आकडे इमारतीत सगळ्यांना येत होते. लिफ्टमन कशाला हवा, असा विषय सभेच्या पत्रिकेवर आला.

मेहुण्याची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या कॉलेजात होती. शेवटचं वर्ष तेवढं उरलं होतं. तिची फी आणि वसतिगृह त्याच्या पगारावर चाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दुसरं कमावणारं नव्हतं. त्या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार? येत होतं ते एकच काम, आणि ते आता बटणाला येत होतं. आणखी एक वर्ष नोकरी टिकली तर पोरगी पार होणार होती. नाही टिकली तर ती घरी परत येणार होती.

त्याची इमारत धरून आठ इमारतींच्या मागे तलाव होता. म्हणजे असावा असं सगळे धरून चालत. पाणी दिसत नसे. जलपर्णी इतकी दाट माजली होती की एक कुत्रा मैदान समजून आत शिरला आणि कसाबसा जिवंत बाहेर आला. वासामुळे लोक मागच्या खिडक्या बंद ठेवत. फक्त कचऱ्याची पिशवी फेकायची असली की उघडत.

मग एक फ्लॅट विकायला निघाला. गिऱ्हाइकाने मागची खिडकी उघडली, बंद केली आणि जिना उतरून गेलं, लिफ्टसाठीसुद्धा थांबलं नाही. तलावाकाठी भाव उतरल्याची बातमी पसरली आणि आठही इमारतींत निसर्गप्रेम उफाळून आलं.

तलाव बचाव समिती स्थापन झाली. पहिल्या बैठकीत टी-शर्टचा रंग ठरला. दुसऱ्या बैठकीत तो बदलला. तिसऱ्या बैठकीत एकाने सुचवलं की लोकांत चुरस लावल्याशिवाय लोक काम करत नाहीत. म्हणून काठ आठ इमारतींत वाटला, चुन्याच्या रेघा मारल्या, रेघेवर झेंडे रोवले. आपापल्या झेंड्यांमधलं पाणी आपण साफ ठेवायचं. दर महिन्याला ज्याचं पाणी सगळ्यात मोकळं, त्या इमारतीला ढाल. तोडलेली जलपर्णी नेऊन टाकायची कुठे, हा विषय वेळेअभावी राहिला.

पहिल्या रविवारी रहिवासी स्वतः आले. टोप्या, हातमोजे, गमबूट. फोटो झाले. एकेकाने दोन-दोन झाडं उपटून हातात धरली, बक्षिसाची मासळी धरावी तशी. ऊन चढल्यावर सगळे घरी गेले आणि आठवडाभर कंबर शेकत बसले. दुसऱ्या रविवारी कुणी ड्रायव्हर पाठवला, कुणी वॉचमन.

आमच्या मेहुण्याच्या इमारतीचे सेक्रेटरी शनिवारी लिफ्टमध्ये शिरले आणि बटण न दाबता उभे राहिले.

"मामा, पोहता येतं?"

"नाही साहेब."

"कंबरभर पाण्यात उभं राहता येतं?"

"किती वेळ?"

"ढाल मिळेपर्यंत. हे बघा, रविवारी आमच्यातर्फे तुम्ही उतरा. तुमचा तो विषय मी सभेत मागे ठेवतो."

"किती मागे साहेब?"

"तलाव चालेल तोवर."

आणि त्याच्या हातात टी-शर्ट दिला. छातीवर 'मी रहिवासी' आणि पाठीवर 'माझा तलाव, माझी जबाबदारी'. मेहुण्याने तो घरी धुतला, इस्त्री केला आणि आम्हाला दाखवायला घालून आला.

"कसा दिसतो, ताई?"

"शर्ट चांगला आहे," बायको म्हणाली.

त्याचं काम बघायला मी एका रविवारी मुद्दाम गेलो. काठावर बसलो. पाण्यात वीसेक माणसं होती: वॉचमन, ड्रायव्हर, माळी, चौथ्या इमारतीखाली टेबल मांडून बसणारी इस्त्रीवाली. सगळ्यांच्या छातीवर रहिवासी लिहिलं होतं आणि त्यात एकही रहिवासी नव्हता.

हातात लांब बांबू होते. मला वाटलं, ओढून काठावर घेतील. छे. मेहुण्याने बांबू टेकवला आणि आपल्या झेंड्यांमधली जलपर्णी जोर लावून शेजारच्या इमारतीच्या पाण्यात ढकलली. शेजारच्या वॉचमनने ती त्याच्या पलीकडे ढकलली. त्याच्या पलीकडे इस्त्रीवाली होती.

"अरे, हे काम आहे का?" मी काठावरून ओरडलो.

"काम नाही दाजी, स्पर्धा आहे!"

"उद्या परत येईल ती!"

"उद्या नाही, दोन महिन्यांनी येते. सगळ्यांकडे जाऊन येते."

खरंच तसं होतं. त्या हिरव्या गठ्ठ्यात एक तीन पायांची लाल प्लास्टिकची खुर्ची अडकलेली होती, तिच्यावरून समजायचं. खुर्ची दिसली की इस्त्रीवाली आवाज देई, "मामा, तुमची पाहुणी पोचली हो आमच्याकडे! सोबत काय दिलंत?"

"बसवून घ्या जरा!"

"बसवते कशाची! पुढच्या घरी धाडते."

ज्याच्याकडून खुर्ची नुकतीच निघाली असेल त्याला त्या महिन्याची ढाल. अशा रीतीने पाच-सहा इमारतींना ती मिळून गेली आणि प्रत्येक सेक्रेटरीने आपल्या भाषणात सामूहिक कष्टांचा उल्लेख केला. कष्ट होते हे मी नाकारत नाही. मी माणसांचे दंड बघितले, बांबू वाकलेले बघितले. पण चर खणून त्याची माती दुसऱ्याच्या चरात टाकणाऱ्याला आमचा मुकादम दुपारीच घरी पाठवायचा.

मेहुण्यावर मात्र त्या शर्टाचा परिणाम होऊ लागला. आधी तो फक्त रविवारी रहिवासी होता, मग ते रहिवासीपण बुधवारपर्यंत उतरेनासं झालं. आमच्या घरी येऊन पाय पसरून म्हणे, "आमच्याकडे पार्किंगचा फार त्रास आहे."

"तू सायकल कुठे लावतोस रे?" बायकोने विचारलं.

"प्रश्न माझा नाही ताई, तत्त्वाचा आहे. आणि वॉचमन लोकही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

"तू राहिलास का तेवढं बघ," मी म्हणालो. "पोरीची परीक्षा कधी?"

तेव्हा पाय आखडून घेई. आतून तो घाबरलेला असे. तलाव खरंच साफ झाला तर सेक्रेटरी तो विषय पुन्हा काढणार, आणि ढाल नाही मिळाली तरी काढणार. जलपर्णी फिरत राहण्यात त्याचं भलं होतं. म्हणून ती फिरवताना मी बोललो तर तो ऐकून न ऐकल्यासारखं करी.

वर्षअखेरीला समितीने मोठ्या पाहुण्यांना बोलावलं. पाहुणे तलावाला पूर्ण फेरी मारणार, आठही भाग बघणार, वार्ताहर सोबत असणार. आठही सेक्रेटरींनी आपापल्या माणसाला आपापल्या लिफ्टमध्ये किंवा फाटकात गाठून एकच सांगितलं: रविवारी आपल्या भागात एक पान दिसता कामा नये, दिसलं तर सोमवारी कामावर येऊ नका.

त्या शनिवारी सकाळी सगळे पाण्यात उतरले. मेहुण्याने गठ्ठा ढकलला. शेजारच्याने तो तसाच परत ढकलला.

"इकडे नको मामा! साहेबांनी काढून टाकीन म्हटलंय."

"मलाही तेच म्हटलंय!"

पलीकडे ड्रायव्हर आणि इस्त्रीवालीचं तेच चाललं होतं. तलाव गोल असल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना जाणवलं. बांबू टेकून सगळे उभे राहिले. ऊन वाढत होतं.

"काठावर काढावी लागेल," शेवटी इस्त्रीवाली म्हणाली.

"काठावर कुठे? तिथे तर गाड्या आहेत."

"गाड्यांना ढाल नाही ना?"

थोड्या वेळाने मला मेहुण्याचा फोन आला. "दाजी, तुमचं दाताळं घेऊन या. आणि तुम्हीही या."

गेलो. ओली जलपर्णी वजनाला मातीहून वाईट. माती निदान एका जागी राहते. आम्ही दोरात गठ्ठे वेढले, काठावरून ओढले, दाताळ्याने वर घेतले. मेहुणा कमरेतून वाकून उचलत होता. मी त्याला गुडघ्यातून वाकायला लावलं. त्याने दोनदा शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा बरोबर उचललं. इतक्या वर्षांत मी त्याला घामाने भिजलेला बघितला नव्हता. माझ्याकडून एकच कौतुक निघालं, "थांबू नकोस." त्याला ते पुरलं असावं, थांबला नाही.

"पण दाजी," दोर ओढता ओढता तो म्हणाला, "तलाव साफ झाला तर माझं संपलं."

"आणि नाही केलास तर?"

"तरी संपलं."

"मग निदान साफ करून संपव."

दिवस मावळताना पाणी उघडं पडलं. काळसर होतं, पण पाणी होतं. काठावर मात्र गाड्यांच्या खिडक्यांपर्यंत हिरवे ढीग लागले होते.

रविवारी पाहुण्यांची गाडी आत येईना, म्हणून त्यांना पायी फेरी मारावी लागली. एरवी त्यांनी ती काचेतून मारली असती. आठही भाग सारखेच मोकळे निघाले. ढाल कुणाला द्यायची यावर काठावरच खडाजंगी झाली आणि शेवटी ती वर्षात प्रत्येकाकडे दीड-दीड महिना ठेवायचं ठरलं. सेक्रेटरी मंडळी ते ठरवत असताना वार्ताहर मोकळा होता. त्याने समोर दिसेल त्या पिकल्या केसांच्या रहिवाशाला धरलं. तो आमचा मेहुणा निघाला.

"काका, तलाव तर झाला. रहिवासी म्हणून आता तुमची मागणी काय?"

मेहुण्याने आधी आपल्या छातीकडे बघितलं. मग घसा साफ केला. "आमच्या इमारतीत लिफ्टला माणूस पाहिजे. नवी लिफ्ट मधेच अडकते. म्हातारी माणसं आहेत, लहान पोरं आहेत. बटणाला हाक मारली तर बटण ओ देतं का?"

पाहुण्यांनी मान डोलावली आणि सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, "अगदी रास्त आहे. लक्ष घाला."

"घालतो साहेब," सेक्रेटरी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाहुणे, शेजारी शनिवारच्या चिखलाने डागळलेल्या शर्टातला मेहुणा, आणि खाली ठळक अक्षरांत: लिफ्टमन हवाच, ज्येष्ठ रहिवाशाची आग्रही मागणी. सेक्रेटरी पेपर घेऊन लिफ्टमध्ये आले. त्यांच्यासोबत समितीतल्या एक बाई होत्या.

"मामा, तुम्ही रहिवासी आहात का?"

"नाही साहेब."

"मग हे काय छापून आलंय?"

"शर्टावर होतं साहेब. शर्ट तुम्हीच दिला होता."

"मी आजच खुलासा पाठवतो पेपरला," सेक्रेटरी बाईंना म्हणाले.

"काय लिहिणार त्यात?" बाईंनी विचारलं. "की पहिल्या रविवारनंतर आपल्या इमारतीतून कुणीच उतरलं नाही?"

लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली. सेक्रेटरींचा मजला चौथा होता. मेहुण्याने त्यांना दोन मजले खाली आणलं.

आठवड्याभरात फलकावर सूचना लागली: ज्येष्ठ रहिवाशांच्या मागणीस मान देऊन लिफ्टमनची सेवा पुढील निर्णयापर्यंत चालू राहील. ज्येष्ठ रहिवाशाने ती स्वतःच टाचणीने लावली. तलावासाठी इतकी वर्षं न आलेला नगरपालिकेचा ट्रक पार्किंग अडलंय म्हटल्यावर लगेच आला आणि ढीग घेऊन गेला. मागच्या खिडक्या उघडल्या. फ्लॅटच्या जाहिरातीत 'तलावदर्शन' असा शब्द आला. जलपर्णी अधूनमधून डोकं वर काढते, पण आता ती काठावर काढावी लागते, कारण शेजारी कुणी घेत नाही.

मेहुण्याने ते वर्ष आणि वर काही महिने लिफ्ट चालवली. पोरगी पास झाली, मोठ्या दवाखान्यात लागली. मग त्याने स्वतःच नोकरी सोडली. सेक्रेटरींनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला म्हणतात. पेपरवाल्यांना काय सांगायचं, ही त्यांना काळजी.

शेवटचा पगार हातात आला त्या दिवशी तो मला घेऊन चपलांच्या दुकानात गेला. पोरीला ड्यूटीसाठी पांढरे बूट हवे होते. दुकानदाराने आधी स्वस्तातले दाखवले. मेहुण्याने तळव्यात अंगठा रोवून बघितला, टाच वाकवून बघितली आणि बाजूला ठेवले.

"दिसायला तर चांगले आहेत," दुकानदार म्हणाला.

"तिला दिवसभर उभं राहायचंय," मेहुणा म्हणाला, आणि पगारातला मोठा वाटा देऊन जाड तळव्याचे घेतले. मी मधे बोललो नाही. बूट बरोबर निवडले होते.