फाटकापाशी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. कोणाच्याही घरी गेलं की प्रार्थना केल्याशिवाय उठायचं नाही. मग घरात कोणी आजारी असो, बाळंतीण असो की नुसतं चहाचं बोलावणं असो. आई ही रीत इतकी मनापासून पाळायची की तिचं 'आमेन' येईपर्यंत घरची बाई कप विसळून, पालथे घालून परत येऊन बसलेली असायची.

आम्ही रांझीला राहायचो, हिंदी मुलखात. वडील खमरियाच्या कारखान्यात कामाला. सहा दिवस तोफगोळे भरायचे आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये शांतीची गीतं म्हणायची, यात त्यांना काही वावगं वाटत नसे. मला वाटायचं, पण मला विचारतो कोण!

भिंतीला भिंत लागून विदर्भातून आलेल्या एका बौद्ध कुटुंबाचं घर होतं. नवरा-बायको दोघंच. काका वडिलांबरोबर कारखान्यात होते. त्यांची संध्याकाळची वंदना आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची आणि आमची गीतं त्यांच्याकडे जायची. इतक्या वर्षांत कोणी कोणाला हळू म्हणा म्हटलं नाही.

मग काकूला तोंडाचा कॅन्सर निघाला. इस्पितळानं हात टेकले आणि घरी पाठवलं. जखमेला वास यायला लागला तशी नातलगांची ये-जा आटली. आई लग्नाआधी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. ती रोज दुपारी जाऊन काकूचं ड्रेसिंग करू लागली. माझं कॉलेज सकाळचं, म्हणून भांडं धरायला मी.

पहिल्या दिवशी पट्टी बांधून झाली, आईनं हात धुतले, आणि सवयीनं डोळे मिटले. काका त्या दिवशी रजेवर होते. ते दारातूनच म्हणाले, "ताई, ते नका करू."

आईनं डोळे उघडले.

"तुमचे उपकार मी जन्मात फेडू शकत नाही," काका म्हणाले. "पण हे तेवढं इथं नको. माझ्या बापानं एक धर्म सोडला, तो माणूस म्हणून उभं राहायला. आता बायको मरायला टेकली अन् शेजाऱ्यांनी तिला ख्रिस्ती करून टाकलं, असं समाज बोलून राहिला तर मी काय तोंड दाखवू?"

"नाही करणार, भाऊ. शब्द देते," आई म्हणाली.

दिवसही तसेच होते. धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय निघाला की आमची माणसं आवाज उतरवायची. कोणी कोणाला तापाची गोळी दिली तरी तिच्यात काय मिसळलंय, हे शोधणारे लोक होते. मला काकांचा राग आला होता. आईला नाही आला.

पण प्रार्थनेशिवाय उठायचं कसं, हे तिला जमेना. ती उगाच पदर सारखा करी, भांडं उचलून परत ठेवी. शेवटी उठायची, आणि आमच्या फाटकापर्यंत आली की कडीवर हात ठेवून तिथंच डोळे मिटून उभी राहायची. भाजीवाला एकदा थांबून म्हणाला, "दीदी, चक्कर आ रहा है क्या?"

एका दुपारी जखमेतून रक्त थांबेना. सगळं आवरेपर्यंत दिवेलागण झाली. काकूनं समोरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे पाहून हात जोडले. वंदनेची वेळ झाली होती. तिनं सुरुवात केली, पण तोंडातून नुसती घरघर आली. पुन्हा प्रयत्न केला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आईनं तिचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि त्रिशरण म्हणायला लागली. मग पंचशील. सावकाश, एकही शब्द न चुकता, भिंतीतून इतकी वर्षं ऐकलं होतं तसं. काकूनं डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून ड्रेसिंग झालं की आई तिच्यासाठी वंदना म्हणायची आणि स्वतःची प्रार्थना फाटकापाशी करायची.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीची भाकर घेण्याच्या, आदल्या दिवशी मंडळीत तयारीची सभा असते. मनात काही असेल तर तिथं बोलावं. आईला कोणी विचारलं नव्हतं. ती आपणहून उभी राहिली आणि सगळं सांगून खाली बसली.

संध्याकाळी चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, घरी आले. माणूस चांगला होता, म्हणूनच मला जास्त राग आला.

"बाई, तुमचा हेतू मला कळतो," ते म्हणाले. "पण मंडळीत कच्च्या विश्वासाची माणसं आहेत. ती वंदना म्हणणं थांबवा. तोवर प्रभुभोजन घेऊ नका."

आईनं अंगात ताप असतानाही कधी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं.

"प्रभुभोजन सोडते," ती म्हणाली. "ते नाही थांबवता येणार, पाळकसाहेब. तिला जीभ राहिली नाही. मला आहे."

रविवारी सगळे भाकर घ्यायला पुढे गेले. आई बाकावर बसून राहिली. वडील रांगेतून अर्ध्यावरून परत आले आणि तिच्या शेजारी बसले. त्या माणसानं आयुष्यात केलेलं ते एकच बंड.

महिना भरायच्या आत काकू गेली. विहारातली माणसं आली, आटलेले नातलगही आले. पाळकसाहेब भेटायला आले, थोडा वेळ बसले, आणि उठायच्या आधी सवयीनं त्यांनीही डोळे मिटले. आईनं त्यांच्या कोपराला हात लावला.

"इथे नाही. मी शब्द दिलाय. चला, माझी जागा दाखवते."

ती त्यांना आमच्या फाटकापाशी घेऊन आली.

"रोज इथे?" त्यांनी विचारलं.

"रोज."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "हे प्रभू," त्यांनी सुरुवात केली. तेवढ्यात काका अनवाणी बाहेर आले.

"ताई, सुट्टीच्या दिवशी मी तुम्हाला इथं उभं पाहत होतो," ते म्हणाले. "मला वाटे, वासानं तुम्हाला चक्कर येऊन राहिली. आता समजलं. आत चला. तिच्या उशाशी बसून म्हणा. लोकांचं मी पाहून घेतो."

आई आत जाऊन काकूच्या उशाशी बसली. आधी तिनं वंदना म्हटली, काकूची. मग आपली प्रार्थना केली, नेहमीसारखी लांबलचक. दोन्ही संपेपर्यंत पाळकसाहेब दारात मान खाली घालून उभे होते.

पुढच्या प्रभुभोजनाला आई बाकावरच बसली होती. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि ती हातात धरून ते थांबले. लोक माना वळवून पाहू लागले. आई उठून पुढे येईपर्यंत त्यांनी ती कोणालाच दिली नाही.